गाडीचा एसी पेट्रोल किती पितो आणि ताकद किती खातो: पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

मी पहिली गाडी ऐन मे महिन्यात घेतली आणि पहिल्या दोन टाक्यांतच धास्तावलो. माहितीपत्रकात छापलेले ॲव्हरेज आणि माझ्या गाडीचे ॲव्हरेज यांचे काही नाते आहे असे वाटेना. गॅरेजमधल्या फिटरने सांगितले की सगळे पेट्रोल एसी पितो आहे, तो बंद ठेवा. कार्यालयातल्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की आजच्या गाड्यांत लिटरमागे एखाद-दोन किलोमीटरचा फरक पडतो, खुशाल लावा. काकांनी तर काचा उघड्या ठेवल्यास एसीपेक्षाही जास्त पेट्रोल जळते असे बजावले. तिघेही आपापल्या रस्त्यापुरते बरोबर होते, हे कळायला मला वर्षभर नोंदी ठेवाव्या लागल्या. फिटर दिवसभर शहराच्या गर्दीत गाड्या फिरवत असे, सहकारी दर शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला जात असे आणि काकांचा प्रवास बहुतेक द्रुतगती मार्गावरचा.

एसी इंधन घेतो तासाच्या हिशेबाने आणि आपण ॲव्हरेज काढतो किलोमीटरच्या हिशेबाने. सगळा घोळ या दोन मापांमधून होतो. पुढची माहिती मुख्यतः ८०० ते १२०० सीसीच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना धरून लिहिली आहे. मोठ्या किंवा डिझेल गाडीतही तत्त्व तेच असते, मात्र तिथे इंजिनाला एसीचे ओझे कमी जाणवते.

आधी हे जवळ ठेवा

- गाडीची मालक-पुस्तिका. तिच्यातले एसीचे प्रकरण एकदा तरी पूर्ण वाचावे.
- बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर चिकटवलेल्या एसीच्या लेबलाचा फोटो. त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते.
- आधीच्या सर्व्हिसिंगची बिले, विशेषतः एसीचा गॅस भरल्याचे बिल असल्यास ते. वॉरंटी चालू असेल तर तिचे पुस्तकही.
- एक वही, पेट्रोलच्या पावत्या आणि टायरची हवा मोजायचा छोटा गेज.
- स्वयंपाकघरात वापरतात तसला, लांब दांडीचा साधा डिजिटल थर्मामीटर.

१. एसी इंजिनाकडून काय घेतो ते एकदा डोळ्यांनी पाहा

गाडी मोकळ्या जागेत उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि बोनेट उघडा. घरातल्या कोणाला तरी आत बसवून एसीचे बटण दाबायला सांगा. बेल्टवर फिरणाऱ्या एका पुलीच्या तोंडाशी असलेली, आतापर्यंत स्थिर असलेली चकती ‘टक्’ असा आवाज करून पुलीबरोबर गरगर फिरू लागेल. इंजिनाचा आवाज क्षणभर दबेल आणि लगेच थोडा चढेल, आणि आत बसलेल्या माणसाला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा साडेसातशेच्या आसपासून नऊशेच्या दिशेने सरकलेला दिसेल. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’ होऊन चकती थांबेल. (हे पाहताना हात, ओढणी किंवा सैल बाही बेल्टजवळ जाऊ देऊ नका. पुढचा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो.)

ती चकती म्हणजे कॉम्प्रेसरचा चुंबकीय क्लच. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होताना केबिनची उष्णता शोषली जाते. या सगळ्यासाठी लागणारी ताकद बेल्टमार्गे थेट इंजिनातून येते. लहान गाडीचा कॉम्प्रेसर जोडलेला असताना साधारण दोन ते चार अश्वशक्ती घेतो. ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) आणि बाकीच्या पंख्यांना लागणारी वीज अल्टरनेटरमधून (इंजिनाने फिरणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्रातून) येते, म्हणजे शेवटी इंजिनातूनच, पण तिचा वाटा त्या मानाने किरकोळ असतो.

काही नव्या गाड्यांत कमी-जास्त क्षमतेवर चालणारा कॉम्प्रेसर असतो. तो गरजेनुसार आपला भार बदलतो, त्यामुळे तुमच्या गाडीत असा ‘टक्’ आवाज अधूनमधून आला नाही तर बिघाड आहे असे समजू नका.

२. तासाचा हिशेब मांडा

समजा, एसी सरासरी ताशी अर्धा लिटर पेट्रोल घेतो. कडक उन्हात हा आकडा वाढतो आणि पावसाळ्यात किंवा रात्री बराच खाली येतो, पण हिशेब समजण्यासाठी तो सोयीचा आहे. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो, म्हणजे एसीचे पेट्रोल झाले साधारण ०.६ लिटर. एसीविना २० चे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला एरवी ५ लिटर लागले असते, आता ५.६ लागतील आणि ॲव्हरेज १८ च्या जरा खाली येईल. हाच तो सहकाऱ्याचा ‘एखाद-दोन किलोमीटरचा फरक’.

आता तीच गाडी शहरात आणा. सिग्नल आणि गर्दी धरून सरासरी वेग ताशी २० पडला, तर १०० किलोमीटरला ५ तास लागतात आणि एसी अडीच लिटर पितो. एसीविना १४ चे ॲव्हरेज असेल तर मुळात ७.१ लिटर लागायचे, आता ९.६ लागतात, आणि ॲव्हरेज १० च्या थोडे वर येऊन थांबते. एसी तोच, तासाचा खर्चही तोच, पण महामार्गावर अकरा टक्क्यांची घट झाली आणि शहरात सव्वीस टक्क्यांची.

छोट्या फेऱ्यांत गोष्ट आणखी बिघडते. उन्हात तापलेली केबिन थंड करताना पहिली दहा-पंधरा मिनिटे कॉम्प्रेसर जवळपास सुटतच नाही, म्हणजे ती चकती थांबतच नाही. घरापासून मंडईपर्यंतची फेरी तेवढ्या वेळातच संपते, म्हणजे सर्वांत महागाचा काळ तेवढा तुमच्या वाट्याला येतो. कडक उन्हात एसीमुळे इंधनक्षमता २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकते आणि छोट्या फेऱ्यांत हे विशेष घडते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची ग्राहक-माहितीही सांगते.

माहितीपत्रकातल्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडे ‘एआरएआय प्रमाणित’ (एआरएआय म्हणजे वाहनांची चाचणी घेणारी पुण्यातली संस्था) म्हणून मिरवला जाणारा पारंपरिक आकडा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून, ठरीव वेगक्रमाने आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो, आणि त्या वेगक्रमात गाडी ताशी ९० च्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. तुमच्या मे महिन्यातल्या महिन्याच्या खर्चाशी त्याचा संबंध जोडू नका. अमेरिकेत मात्र २००८ च्या मॉडेलपासून सुमारे ३५ अंश तापमानात एसी लावून घेतलेली चाचणीही जाहीर होणाऱ्या आकड्यात धरली जाते.

विजेच्या गाडीत कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. तिथेही हिशेब तासाचाच आहे, फक्त लिटरऐवजी युनिट मोजायचे.

३. स्वतःच्या गाडीचा फरक टाकी टू टाकी मोजा

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका. तो आकडा बहुतेक गाड्यांत थोडा खुशामतखोर असतो. खरी पद्धत जुनीच आहे. पंपावर नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान तीनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर, पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरा. झालेल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरांनी भागा. पहिल्या ‘टक्’नंतर पैसे पूर्ण करण्यासाठी पंपावरचा मुलगा आणखी थोडे पेट्रोल सारतो, त्याला आधीच नको म्हणून सांगा. तेवढ्याने हिशेब चुकतो आणि टाकीच्या आरोग्यालाही ते बरे नाही.

एक टाकी एसीसह आणि एक एसीविना, अशा जोड्या करा आणि किमान दोन जोड्यांनंतरच निष्कर्ष काढा. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, गाडीतली माणसे, साधारण तापमान आणि एकूण तास लिहा. तासांचा रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि खरी गोम त्यातच असते. फोनमध्ये प्रवासाची वेळ नोंदवणारे कोणतेही ॲप चालेल. दोन्ही टाक्यांच्या इंधनातला फरक १०० किलोमीटरला किती लिटर आला ते काढा आणि तेवढ्या अंतराला लागलेल्या तासांनी त्याला भागा. तुमच्या एसीचा ताशी खर्च हाती येईल.

इथे तीन चकवे आहेत. पहिला टायरच्या हवेचा. हवा कमी असेल तर घट तिची आणि बदनामी एसीची होते, म्हणून प्रत्येक टाकीच्या सुरुवातीला थंड टायरची हवा तपासा. दुसरा ऋतूचा. जानेवारीतली एसीविना टाकी आणि मे महिन्यातली एसीसह टाकी यांची तुलना करू नका. तिसरा इंधनाचा. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी असते, त्यामुळे जुन्या वहीतले आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून दोष एसीला देणे चुकीचे ठरेल.

सीएनजीवाल्यांना थोडा अधिक धीर धरावा लागेल. पंपाचा दाब आणि हवेचे तापमान यांनुसार टाकीत मावणारा गॅस दर वेळी बदलतो, म्हणून एकेका भरण्यावर हिशेब न करता चार-पाच भरण्यांचे किलो आणि किलोमीटर एकत्र करून भागाकार करा.

४. घाटात ताकदीचा हिशेब वेगळा असतो

मी गेलो तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. साताऱ्याहून येणारी वाहतूक बोगद्यातून जायची, त्यामुळे परतीच्या प्रवासात ही परीक्षा नसायची. गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली, पुढे मुंगीच्या पावलाने चढणारा कंटेनर आणि मागे हॉर्न. कंटेनरने बाजू दिल्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी नुसती घुरघुरली. शेजारी बसलेल्या काकांनी काही न बोलता एसीचे बटण बंद केले. डिकीतून दोन पोती उतरवावीत तशी गाडी पुढे सरकली.

माझ्या गाडीची ताकद कागदावर ऐंशीच्या वर अश्वशक्ती होती, मग तीन अश्वशक्तींनी एवढा फरक का पडावा? कारण कागदावरची ताकद सहा हजार आरपीएमच्या आसपास मिळते. घाटात कंटेनरमागे रखडताना इंजिन दीड हजारावर असते आणि तिथे अशा इंजिनाकडे वीस-एक अश्वशक्तीच असते. त्यातल्या दोन-तीन कॉम्प्रेसरने घेतल्या की आठवा-दहावा हिस्सा गेला. जुन्या ७९६ सीसीच्या मारुती ८०० ची एकूण ताकदच ३७ अश्वशक्तींच्या आसपास होती. घाटाच्या पायथ्याशी एसी बंद करण्याची घरातल्या ज्येष्ठांची सवय तिथून आली आहे आणि ती अडाणीपणाची नव्हती. पसरणी घाटाने पुढे महाबळेश्वरला निघालात तर आणखी एक वजावट होते. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का घटते, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे. सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा आधीच थोडी कमी असते, म्हणून भरलेल्या गाडीने मोठा घाट चढताना पेट्रोलवर घेणे बरे.

करायचे एवढेच. एसी बंद करण्याआधी एक गिअर खाली घ्या आणि इंजिनाला अडीच-तीन हजारांवर फिरू द्या. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. ओव्हरटेक करायचे असेल तर एसी आधीच बंद करा, समोरून गाडी दिसल्यावर बटण शोधू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणकच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवतो, पण अर्धवट दाबल्यावर तो तसे करेलच असे नाही. चढावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जाऊ लागला तर मात्र एसी लगेच बंद करा, कारण कंडेन्सरची उष्णता थेट मागच्या रेडिएटरवर जात असते.

उतारावर एसी खुशाल लावा. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल जाणेच थांबते. चाके इंजिन फिरवतात, इंजिन कॉम्प्रेसर फिरवते, म्हणजे तेवढा वेळ एसी फुकटात चालतो आणि इंजिनाच्या ब्रेकिंगलाही किंचित हातभार लागतो. पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक वाचवत काहीच नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात ते वेगळेच.

५. तापलेल्या गाडीत बसताना घाई करू नका

उन्हात तास-दोन तास उभ्या असलेल्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त असते. ती हवा एसीने थंड करण्यापेक्षा बाहेर काढून टाकणे स्वस्त पडते. एका बाजूची काच खाली करा आणि विरुद्ध बाजूचा दरवाजा चार-पाच वेळा उघडझाप करा. मग सगळ्या काचा उघड्या ठेवून एक-दोन मिनिटे चालवा आणि त्यानंतर काचा लावून एसी सुरू करा. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी लावून ‘आधी थंड होऊ द्या’ म्हणत थांबणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. त्या वेळात किलोमीटर शून्य असतात आणि इंजिन संथ फिरत असल्याने थंडावाही सावकाश येतो.

बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. बटणांचा अर्थ नीट समजून घ्या

माझा सर्वांत मोठा गैरसमज तापमानाच्या गोल बटणाबद्दल होता. ते निळ्या टोकापासून मध्याकडे फिरवले की एसी ‘कमी’ होतो आणि पेट्रोल वाचते असे मी समजत होतो. साध्या, स्वयंचलित नसलेल्या बहुतेक एसींत तसे होत नाही. कॉइल आपल्या ठरलेल्या थंडाव्यापर्यंत हवा थंड करत राहते आणि ते बटण त्या थंड हवेत हीटरची गरम हवा मिसळते. म्हणजे आधी पैसे देऊन थंड केलेली हवा तुम्ही पुन्हा गरम करता. थंडी वाजू लागली तर बटण निळ्या टोकालाच ठेवून ब्लोअर एका आकड्याने कमी करा. कॉइलवरून हवा कमी गेली की ती लवकर गार होते आणि कॉम्प्रेसर लवकर सुटतो. स्वयंचलित एसी असेल तर २४-२५ अंशांवर लावून त्याला त्याचे काम करू द्या.

आतल्या हवेचे बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेले, केबिन निवल्यावर चालू ठेवा. चाळीस अंशांची बाहेरची हवा सतत थंड करण्यापेक्षा तीसच्या खाली आलेली आतली हवा पुन्हा थंड करणे कधीही सोपे. लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने काही मिनिटे बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालकाला झापड येऊ लागते. पावसाळ्यात काचांवर आतून वाफ धरली तर एसी चालू आणि हवा बाहेरची, असे ठेवा. तिथे पेट्रोलचा विचार करायचा नाही.

७. काचा की एसी

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. उघड्या काचांमुळे त्यात भर पडते, पण ताशी तीस-चाळीसच्या वेगात ती भर नगण्य असते. म्हणून शहरात, हवा सोसवेल तोवर, काचा उघड्या ठेवणे निश्चितच स्वस्त. ऐंशीच्या पुढे काचा लावून एसी घ्यावा, असे माझे मत आहे. काही गाड्यांत तिथेही काचा किंचित स्वस्त पडत असतील, पण फरक इतका थोडा उरतो की धूळ, ट्रकचा धूर आणि कानात घोंगावणारा वारा त्यासाठी सोसण्यात शहाणपण नाही. मधल्या वेगात मनाला वाटेल ते करा.

८. एसीची देखभाल आणि गॅसचा बाजार

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि दोन खुंट्या सोडवून घरी काढता येतो. माझ्या गाडीतून पहिल्यांदा काढला तेव्हा त्यावर वाळलेली पाने, केस आणि राखाडी धुळीचा जाड थर होता. हवा येत नाही म्हणून ब्लोअर चारवर ठेवायचा, हा त्यावरचा उपाय नव्हे. पुढच्या जाळीतून दिसणारा कंडेन्सरही हलक्या पाण्याने धुवून घ्या. जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवा जातच नाही. कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडली नाही की गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर त्याच थंडाव्यासाठी इंजिनाकडून जास्त ताकद मागतो.

गॅस हे इंधन नाही, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. एका गॅरेजमध्ये मला ‘दरवर्षी गॅस मारावाच लागतो’ असे सांगून गळती न शोधता, वजन न करता गॅस भरून दिला. सकाळी थंडावा छान मिळायचा, पण दुपारच्या गर्दीत एसी कोमट हवा टाकायचा आणि गाडी जड चालायची, कारण गॅस प्रमाणाबाहेर भरला गेला होता. दुसऱ्या फिटरने तो सगळा काढला, पाइपच्या जोडावरचे झिजलेले रबरी ओ-रिंग बदलले, व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास दाब टिकतो का ते पाहिले आणि लेबलावरच्या ग्रॅमांइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. तुम्हीही नेमक्या याच चार गोष्टी मागा आणि त्यासाठी समोर उभे राहा. लेबलावर आर-१३४ए लिहिले असेल तर तोच भरायचा, ‘हाही चालतो’ हे ऐकू नका. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावून घेण्याआधी वॉरंटीचे पुस्तक उघडा.

काम झाल्यावर गाडी सावलीत उभी करून, एसी पूर्ण थंडवर आणि आतल्या हवेवर ठेवून, इंजिन दीड हजार आरपीएमवर दहा मिनिटे चालवा आणि मधल्या झरोक्यात थर्मामीटर खोचा. बाहेर पस्तीसच्या आसपास तापमान असताना तिथे दहा अंशांच्या आसपास आकडा आला तर एसी ठीक आहे. तो आकडा, तारीख आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या लेबलाशेजारी चिकटवा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात फिटरने ‘गॅस कमी झालाय’ म्हटल्यावर आधी थर्मामीटर काढता येईल.